मधुमेहाचा नकाशा कसा वाचायचा: गोव्यात २६.४ टक्के, उत्तर प्रदेशात ४.८ टक्के, मग जास्त काळजी कुठे?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि चेन्नईचं मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशन यांनी मिळून केलेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीचे देशपातळीवरचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८ ते २०२० या काळात ३१ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या, वीस वर्षं किंवा त्याहून मोठ्या १,१३,०४३ माणसांची तपासणी झाली होती. शंभर प्रौढांमागे ११.४ जणांना मधुमेह निघाला. आणखी १५.३ जण पूर्वमधुमेहात निघाले. दवाखान्यात ‘शुगर बॉर्डरवर आहे’ म्हणतात, ती ही अवस्था. २०२१ च्या लोकसंख्येला हे प्रमाण लावलं तर १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी पूर्वमधुमेही होतात.

राज्याराज्यांतला फरक डोळ्यांत भरणारा होता. गोवा २६.४ टक्के, पुदुच्चेरी २६.३, केरळ २५.५, चंडीगड २०.४. दुसऱ्या टोकाला उत्तर प्रदेश, ४.८ टक्के. या आकड्यांचे रंगीत नकाशे सगळीकडे फिरले. गोवा, केरळ लाल, उत्तर प्रदेश हिरवा. ते पाहून बहुतेकांनी लाल म्हणजे संकट आणि हिरवा म्हणजे निवांत असा अर्थ लावला. आमच्या मते हा अर्थ चुकीचा आहे आणि तो महागातही पडेल. ज्या राज्यांचा रंग आज हिरवा आहे, तिथेच पुढच्या वीस वर्षांतलं सर्वांत मोठं ओझं तयार होतंय, आणि ते थांबवण्याची संधीही तिथेच शिल्लक आहे.

टक्केवारी नेमकं काय मोजते

पाहणीच्या दिवशी किती जणांना आजार होता, एवढंच ही टक्केवारी सांगते. त्या वर्षी नवे रुग्ण किती झाले हे ती सांगत नाही. पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीतल्या पाण्याची पातळी नळातून किती येतं आणि तोटीतून किती जातं, या दोन्हींवर ठरते. मधुमेह एकदा झाला की बहुतेकांच्या बाबतीत आयुष्यभर सोबत राहतो, त्यामुळे या टाकीतून माणूस बाहेर पडतो तो मुख्यतः मृत्यूनं. केरळात मधुमेही माणूस वेळेवर औषध मिळाल्यानं पंचवीस-तीस वर्षं जगला, तर तो तितकी वर्षं टक्केवारीत मोजला जातो. निदानच न झालेला किंवा इन्सुलिन न मिळालेला माणूस लवकर गेला, तर तिथली टक्केवारी खाली येते. चांगल्या आरोग्यसेवेमुळेही टक्केवारी चढते, ही गोष्ट नकाशात दिसत नाही.

दुसरा घटक वय. टाइप २ मधुमेह, म्हणजे बहुतेकांना मोठेपणी होणारा प्रकार, वयाबरोबर वाढतो. २०२१ च्या अंदाजानुसार केरळात साठीच्या पुढची माणसं १६.५ टक्के होती, उत्तर प्रदेशात ८.१ आणि बिहारमध्ये ७.७ टक्के. म्हणजे दोन राज्यांत त्या-त्या वयाला असलेला धोका अगदी सारखा असता, तरी केरळचा आकडा मोठाच निघाला असता. म्हणून राज्यांची तुलना करताना सगळ्यांची वयरचना सारखी धरून आकडे काढायचे असतात. दवाखाना चालवणाऱ्याला मात्र मूळ, न सुधारलेला आकडाच लागतो, कारण दारात येणारे रुग्ण त्यांच्या खऱ्या वयानिशीच येतात. दोन्ही आकडे बरोबरच असतात, फक्त कुठला कुठे वापरायचा ते ठरवावं लागतं.

मोजणीच्या वर्षाकडेही लक्ष हवं. महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंडीगड यांची पाहणी पहिल्या टप्प्यात, २००८ ते २०१० मध्ये झाली. तेव्हा महाराष्ट्रात मधुमेह ८.४ टक्के आणि पूर्वमधुमेह १२.८ टक्के निघाला होता. शहरी भागात मधुमेह १०.९ टक्के होता, ग्रामीण भागात ६.५. गोवा, केरळ आणि उत्तर प्रदेश यांची पाळी पुढच्या टप्प्यांत आली. त्यामुळे महाराष्ट्राचा हा ८.४ गोव्याच्या २६.४ शेजारी ठेवून ‘आपण बरे आहोत’ असं म्हणता येत नाही. मधल्या वर्षांत महाराष्ट्र होता तिथेच राहिला असेल, असं मानायला काही आधार नाही.

हिरव्या राज्यांत काय शिजतंय

उत्तर प्रदेशात मधुमेह ४.८ टक्के आहे, पण पूर्वमधुमेह १८ टक्के. एका मधुमेह्यामागे जवळजवळ चार माणसं उंबरठ्यावर उभी आहेत. एखाद्या राज्यात साथ कुठवर आली आहे हे ओळखायला मधुमेह आणि पूर्वमधुमेह यांचं गुणोत्तर फार उपयोगी पडतं. मधुमेही जास्त आणि पूर्वमधुमेही त्यामानानं कमी असतील, तर ज्यांना व्हायचा त्यांना बहुतांशी होऊन गेला, लाट चढून गेली. उलटं असेल तर लाट अजून यायची आहे.

आता टक्के सोडून माणसं मोजू. उत्तर प्रदेशातले प्रौढ ढोबळमानानं १३ कोटी धरले, तर ४.८ टक्क्यांनी ६० लाखांहून जास्त मधुमेही होतात. गोव्याची एकूण लोकसंख्याच १५ लाखांच्या आसपास, त्यामुळे २६.४ टक्के धरूनही तिथले मधुमेही तीन लाखांच्या घरातच राहतात. ‘सर्वांत कमी’ प्रमाणाच्या राज्यात ‘सर्वांत जास्त’ प्रमाणाच्या राज्याच्या वीसपट रुग्ण आहेत, शिवाय उंबरठ्यावर उभी असलेली दोन कोटींहून जास्त माणसं वेगळी. त्यातल्या तिसऱ्या हिश्श्यानं जरी तो ओलांडला, तरी राज्यातल्या रुग्णांची संख्या दुपटीच्या वर जाईल.

गाव आणि शहर यांचंही तसंच. पाहणीत शहरी भागात मधुमेह १६.४ टक्के निघाला, ग्रामीण भागात ८.९. त्यावरून हा शहरातला रोग असं ठरवणं सोपं आहे. पण एकूण सरासरी ११.४ येते, याचाच अर्थ प्रौढांपैकी दोनतृतीयांश गावात राहतात. गुणाकार करा. एकूण १०.१ कोटींपैकी सुमारे ५.३ कोटी मधुमेही गावांत निघतात आणि सुमारे ४.८ कोटी शहरांत. निम्म्याहून जास्त मधुमेही खेड्यात आहेत, आणि मधुमेहाचे तज्ज्ञ, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, पायाच्या जखमा सांभाळणारे दवाखाने शहरांत. पूर्वमधुमेहात तर गाव-शहर भेद जवळजवळ उरलेलाच नाही, शहरात १५.४ टक्के आणि गावात १५.२.

श्रीमंतांचा रोग हा समजही मोडीत निघतोय. याच पाहणीच्या पंधरा राज्यांच्या निष्कर्षांत, २०१७ मध्ये, एक गोष्ट पुढे आली होती. चंडीगड, महाराष्ट्र आणि तामिळनाडू या तुलनेनं सधन प्रदेशांच्या शहरी भागांत गरीब थरातल्या लोकांत मधुमेहाचं प्रमाण वरच्या थरापेक्षा जास्त होतं. सधन माणूस चालायला बाहेर पडतो, तपासण्या करतो, डाळी-भाज्या-दूध परवडतं. रोजंदारीवरच्या कुटुंबाचं पोट रेशनच्या तांदूळ-गव्हावर, साखरेच्या चहावर आणि पाच-दहा रुपयांच्या पाकिटांवर भरतं. आपल्याकडच्या आहारात सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, असं इंडियाबच्याच आहारविषयक अभ्यासात दिसलं. प्रथिनं महाग आणि पिष्ट स्वस्त, हे साधं अर्थशास्त्र त्यामागे आहे. त्यामुळे ‘भात कमी करा’ हा सल्ला देताना त्या जागी काय खायचं आणि ते कितीला पडेल, हेही सांगायला हवं.

सडपातळ माणसालाही का होतो

२०१६ च्या आकड्यांवर आधारलेल्या, राज्यनिहाय रोगभार मोजणाऱ्या भारतीय अभ्यासात एक तुलना होती. भारतात वजन जास्त असलेल्या शंभर प्रौढांमागे ३८ मधुमेही होते, जगाची सरासरी १९. तेवढ्याच लठ्ठपणात आपल्याकडे मधुमेह दुप्पट.

याचं एक उत्तर पुण्यातून आलं. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांची सरासरी वजनं सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांची ३.५ किलो. पण सगळे अवयव सारख्या प्रमाणात लहान नव्हते. स्नायू आणि पोटातले अवयव फारच लहान होते, त्वचेखालची चरबी मात्र त्यामानानं टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. प्रौढांतही हेच दिसतं. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानानं वजन) तंतोतंत २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

स्नायू हे जेवणानंतरची साखर साठवणारं मुख्य कोठार. तेच लहान असेल तर साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते. पोटातली चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. आईच्या पोटात असताना अन्न तुटपुंजं आणि पुढे मोठेपणी अन्न मुबलक पण हालचाल कमी, असं झालं की मधुमेह लवकर गाठतो. उत्तरेच्या आणि मध्य भारताच्या ज्या जिल्ह्यांत आजही कमी वजनाची बाळं जन्मतात, ती मुलं मोठी होऊन शहरात बसून करायच्या कामाला लागतील, तेव्हा काय होईल याचा अंदाज बांधता येतो. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा मोजपट्टी जास्त कामाची. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर गेली की धोका वाढला असं धरतात.

७.४ कोटी, १०.१ कोटी की २१.२ कोटी?

तिन्ही आकडे नामांकित संस्थांचे आहेत, म्हणून गोंधळ होतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं २०२१ साठी भारतात २० ते ७९ वयातले ७.४२ कोटी मधुमेही धरले. इंडियाबनं त्याच वर्षासाठी १०.१ कोटी. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभरच्या संशोधकांच्या एका गटानं २०२२ साठी २१.२ कोटी सांगितले.

फरकाचं सर्वांत मोठं कारण मोजायची पद्धत. इंडियाबमध्ये उपाशीपोटीची साखर घेतली, मग ८२.५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून दिली (पाण्याचा अंश वगळला तर ते ७५ ग्रॅम शुद्ध ग्लुकोज होतं) आणि दोन तासांनी पुन्हा साखर मोजली. २०२४ च्या अभ्यासानं उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त, नाहीतर एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त, नाहीतर औषध चालू, यातलं काहीही एक असेल तर मधुमेह धरला. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचं प्रमाण. पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते.

इथेच भारतातली अडचण आहे. लोहाच्या कमतरतेनं रक्त कमी असेल तर एचबीए१सी खोटा वर दाखवू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. उलट सिकलसेल आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि एचबीए१सी खोटा कमी येतो. नंदुरबार, गडचिरोली, छत्तीसगड, ओडिशा या पट्ट्यात केवळ एचबीए१सीवर विसंबलं तर खरा मधुमेही ‘नॉर्मल’ म्हणून घरी जाईल. नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाचंही तेच. अशा वेळी उपाशीपोटीची आणि ग्लुकोजनंतर दोन तासांची साखर हाच भरवशाचा मार्ग.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे जिल्हानिहाय आकडे वाचताना आणखी एक सावधगिरी हवी. तिथे दिवसाच्या कुठल्याही वेळी बोटातून रक्त घेतात. १४० च्या वरची साखर ‘जास्त’ म्हणून नोंदवली जाते. नुकताच चहा-बिस्कीट खाल्लेला माणूसही त्यात येऊ शकतो. त्या आकड्याला मधुमेहाचं निदान समजू नये. जिल्ह्याजिल्ह्यांत तुलना करायला तो ठीक आहे.

आशाताईंचा फॉर्म आणि पुढची वाट

सरकारी व्यवस्थेत तीस वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाची तपासणी अपेक्षित आहे. सुरुवात घरी येणाऱ्या आशाताईंच्या ‘सीबॅक’ फॉर्मनं होते. त्यात धोक्याचे गुण मोजतात. वय ३० ते ३९ ला १ गुण, ४० ते ४९ ला २, ५० ते ५९ ला ३, साठीच्या पुढे ४. तंबाखू पूर्वी खायचे किंवा कधीतरी खातात, १. रोज, २. रोज दारू, १. कंबर बायकांची ८१ ते ९० सेंटिमीटर किंवा पुरुषांची ९१ ते १००, १ गुण. त्याहून जास्त, २. आठवड्याला १५० मिनिटांपेक्षा कमी व्यायाम, १. आईवडील किंवा भावंडांत मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार, २. बेरीज चारच्या वर गेली की त्या व्यक्तीला आधी तपासायचं.

समजा ४६ वर्षांची गृहिणी आहे. कंबर ८८, व्यायाम नाही, आईला शुगर. २ + १ + १ + २ = ६. ती यादीत वर गेली. आता ३४ वर्षांचा ऊसतोड मजूर घ्या. कंबर ७८, रोज तंबाखू, दिवसभर अंगमेहनत. १ + २ = ३. तो मागे राहिला. इथे एक चूक हमखास होते. चार किंवा कमी गुण म्हणजे तपासणी नको, असं समजून फॉर्म बाजूला ठेवला जातो. गुण फक्त क्रम ठरवण्यासाठी आहेत. तीस ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब मोजायचाच आहे. सडपातळ, कष्टकरी, कमी वयाचा मधुमेही सुटतो तो या गैरसमजातून.

उपकेंद्रावर ग्लुकोमीटरनं साखर १४० किंवा जास्त आली की त्या व्यक्तीला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात. तिथे नसेतून रक्त घेऊन उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा ग्लुकोजनंतर दोन तासांनी २०० किंवा जास्त आली तर मधुमेह. लक्षणं नसतील तर एकाच आकड्यावर शिक्का मारू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावं. फक्त उपाशीपोटीची तपासणी करून थांबणं हीही एक सवय आहे. आपल्याकडे अनेकांची साखर सुरुवातीला जेवणानंतरच चढते आणि सकाळी नॉर्मल असते, ती माणसं अशा तपासणीत निसटतात.

यंत्र चुकीचं दाखवतं त्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. आंबा-केळं खाल्लेल्या हातांवरची साखर थेंबात मिसळते, म्हणून साबणानं हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे. स्पिरिट वाळायच्या आधी टोचलं तर थेंब पातळ होतो. बोट जोरात पिळलं तर रक्ताबरोबर पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी येतं. रक्त खूप कमी असलेल्या माणसात यंत्र साखर खरी असते त्यापेक्षा जास्त दाखवतं. पट्ट्यांच्या बऱ्याच डब्यांवर ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं, आणि विदर्भातल्या उपकेंद्रात मे महिन्यात दुपारी काय तापमान असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. डबा उघडा राहिला तर दमट कोकणात पट्ट्या ओल धरतात. उघडल्याची तारीख डब्यावर लिहिणं, ही दहा सेकंदांची गोष्ट आहे आणि ती करायलाच हवी.

एका आरोग्य केंद्राचं गणित

निकषाप्रमाणे मैदानी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राखाली ३०,००० लोक येतात. त्यातले प्रौढ ढोबळ २०,०००. ग्रामीण ८.९ टक्क्यांनी १,७८० मधुमेही आणि १५.२ टक्क्यांनी ३,०४० पूर्वमधुमेही. सगळे मधुमेही सापडले आणि प्रत्येक जण महिन्यातून एकदा आला, तर पंचवीस दिवसांत रोज ७१ रुग्ण फक्त मधुमेहाचे. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसाला दोन धरली तरी महिन्याला १,०६,८०० गोळ्या. बाळंतपणं, लसीकरण, ताप-खोकला, सर्पदंश वेगळेच.

साखर स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या आणि मधल्या काळात उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं साखर-रक्तदाब पाहिला, तर केंद्रातली रोजची गर्दी ७१ वरून २४ वर येते. यासाठी गोळ्यांचा साठा तिप्पट लागत नाही, वर्षाची गरज तेवढीच राहते. पण मागणी मागच्या वर्षीच्या वापरावरून लावली तर साठा हमखास कमी पडतो, कारण मागच्या वर्षी निम्मे रुग्ण सापडलेलेच नव्हते. गोळ्या संपल्या की माणूस दोन खेपा फुकट घालवतो आणि तिसऱ्यांदा येत नाही. तो गेला असं आकड्यांत दिसतही नाही, कारण नोंदवहीत ‘एकूण तपासलेले’ मोजतात. सहा महिन्यांनंतरही उपचारावर असलेले किती आणि त्यांतल्या किती जणांची साखर आटोक्यात, हे दोन रकाने असतील तर केंद्राचं खरं काम कळेल.

आपल्याला मधुमेह आहे हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांचं काय चित्र होतं? इंडियाबमध्ये अशा लोकांपैकी ३६.३ टक्क्यांचा एचबीए१सी ७ च्या खाली होता. रक्तदाब ४८.८ टक्क्यांचा आटोक्यात होता. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तिन्ही आटोक्यात असलेले ७.७ टक्के. शंभरातले आठसुद्धा नाहीत. डोळे, मूत्रपिंडं, पाय आणि हृदय निकामी होतात ते यामुळे. मधुमेह असणाऱ्या प्रत्येकाचा दरवर्षी डोळ्यांच्या पडद्याचा फोटो, मूत्रपिंडांसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, आणि दहा ग्रॅमच्या नायलॉन तंतूनं तळपायाची संवेदना एवढं पाहिलं गेलं, तर बरंचसं नुकसान आधी कळतं. तंतूची ही तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि शेतात अनवाणी चालणाऱ्या माणसासाठी पाय वाचवणारी आहे.

मृत्यूच्या नोंदीतही ओझं लपतं. २०२० मध्ये देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांचंच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. गोवा याबाबत देशात सर्वांत पुढे आहे. जिथे कारणच लिहिलं जात नाही, तिथे मधुमेहानं माणसं मरत नाहीत असं कागदावर वाटतं. जिथे लिहिलं जातं तिथेही ‘हार्ट अॅटॅक’ किंवा ‘किडनी फेल’ असं येतं आणि मुळाशी असलेली शुगर सुटून जाते. क्षयरोगाचंही असंच. मधुमेहानं क्षयाचा धोका दुप्पट-तिप्पट होतो. केरळातल्या एका अभ्यासात क्षयरुग्णांपैकी ४४ टक्क्यांना मधुमेह निघाला होता. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची साखर आणि प्रत्येक मधुमेह्याचा खोकला विचारणं, हे म्हणूनच दोन्ही कार्यक्रमांत बसवलेलं आहे.

उंबरठ्यावरच्यांना थांबवता येतं का

येतं, आणि त्याचा पुरावा भारतातलाच आहे. चेन्नईत ५३१ पूर्वमधुमेही लोकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. काहीच खास न केलेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहारात बदल आणि रोज अर्धा तास भरभर चालणं सांगितलेल्या गटात ३९.३ टक्क्यांना. मेटफॉर्मिनच्या छोट्या मात्रेवर ४०.५. दोन्ही एकत्र करून ३९.५, म्हणजे जास्तीचा फायदा नाही. चांगल्या गटांत वजन फारसं उतरलेलं नव्हतं, तरी फायदा झाला. जे आधीच अंगमेहनत करत होते त्यांना वेगळा व्यायाम सांगितला नव्हता. शंभर जणांमागे सोळा वाचले, म्हणजे सहा जणांवर मेहनत घेतली तर तीन वर्षांत एक मधुमेह टळतो. एका गोळीच्याही खर्चाशिवाय मिळणारा हा फायदा आहे. पण सल्ला एकदा देऊन तो मिळत नाही. त्या प्रयोगात लोकांशी पुन्हा पुन्हा बोललं जात होतं, फोन होत होते.

सगळ्यांत आधी कुणाला गाठायचं असा प्रश्न असेल तर आमचं उत्तर गरोदरपणात साखर वाढलेल्या बायका. सरकारी पद्धत सोपी आहे. पहिल्या भेटीत आणि नंतर २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यातून, पाच-दहा मिनिटांत प्यायचं. पोट रिकामं असायची अट नाही. दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. या बायकांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका कितीतरी पट जास्त असतो, आणि बाळालाही.

बाळंतपणानंतर साखर बहुतेकींची उतरते आणि तिथेच धागा तुटतो. सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोज देऊन तपासायला सांगितलेलं असतं, पण कडेवर तान्हं बाळ घेऊन स्वतःसाठी दवाखान्यात कोण जातं? बाळाच्या पेंटाव्हॅलंट लशीचा पहिला डोस मात्र सहाव्या आठवड्यालाच असतो आणि त्यासाठी ती येतेच. त्याच दिवशी तिला सकाळी लवकर बोलवावं, आल्याआल्या ग्लुकोज द्यावं, मग बाळाला लस द्यावी, स्तनपान आणि कुटुंबनियोजनाचं बोलणं उरकावं, तोवर दोन तास होतात. साखर १४० च्या खाली आली तर पुढच्या वर्षीची तपासणीची तारीख बाळाच्या लसीकरण कार्डावर लिहून द्यायची. १४० ते १९९ आली तर आहार आणि चालण्याचा सल्ला, तोही घरच्या माणसांना सोबत बसवून. २०० किंवा जास्त आली तर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तिला त्याच दिवशी पाहायचं.